पावती पुस्तक कुणाच्या हातात?

आज सभेहून घरी आले, चहासुद्धा घशाखाली उतरेना. म्हणून लिहायला बसले.

संस्थेचं नाव लिहीत नाही. वार्षिक सभा होती. अहवाल झाला, हिशेब मंजूर झाला आणि अध्यक्षांनी दरवर्षीचं वाक्य टाकलं, "आजकालच्या पोरांना जबाबदारी नको असते." सगळ्यांच्या माना डोलल्या. मागे सतरंज्यांच्या गठ्ठ्याशी आमची एक कार्यकर्ती उभी होती. सभा संपल्यावर तिने हॉलची किल्ली माझ्या हातात ठेवली. "ताई, पुढच्या महिन्यापासून मी नाही यायची." एवढंच बोलली.

ही पोरगी कोण, ऐका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. तेव्हा ती कॉलेजच्या एनएसएसमधून, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेतून, मदतीला आली. शाळेतल्या निवाऱ्यात दोनशे पानी वहीत रेघा मारून तिने एकेक कुटुंब लिहून काढलं. कुणाला चादर मिळाली, कुठल्या बाळाला दूध लागतं, कुठल्या आजींची बीपीची गोळी संपली. कुणी सांगितलं नव्हतं तिला. एनएसएसचे दोन वर्षांचे २४० तास कधीच भरले, ही मात्र आमच्याकडे राहिली. आणि आम्ही तिला दिलं काय? सतरंज्या, पाहुण्यांचे हार आणि स्टेजवरचे पाण्याचे ग्लास!

मला सारखे अण्णा आठवतायत. १९९६ साल, मी १९ वर्षांची. अण्णा तेव्हा कार्यवाह. व्याख्यानमालेच्या वर्गणीचं पावती पुस्तक त्यांनी सरळ माझ्या हातात दिलं. पहिल्याच संध्याकाळी हिशेबात २५१ रुपये कमी आले. मी रडकुंडीला आले. अण्णांनी बैठकीत चकार शब्द काढला नाही. सगळे गेल्यावर वाचनालयाच्या पायरीवर बसून त्यांनी माझ्याकडून पुस्तकात आपल्याकडे उरणारी एकेक स्थळप्रत उलटून घेतली. एका दुकानदाराने "उद्या देतो" म्हटलं होतं आणि मी पावती फाडून मोकळी झाले होते. "पैसे हातात पडल्याशिवाय पावती फाडायची नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुस्तक परत माझ्याच पिशवीत.

ते परत माझ्याकडे आलं म्हणून मी आज या संस्थेत आहे. चुकल्यावर काढून घेतलं असतं तर पुन्हा फिरकले नसते.

आणि हिला? पावती पुस्तकाचा विषय निघाला की "अजून लहान आहे." पंचविशीची मुलगी लहान? समाजवादी नेते एस. एम. जोशी १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाचे दलप्रमुख झाले तेव्हा ३६ वर्षांचे होते आणि त्यांच्या शाखा चालवायला शाळा-कॉलेजातली पोरं होती. त्याच परंपरेच्या गप्पा आपण स्टेजवरून मारतो ना? मग चेकवर सही करायला सत्तरी गाठावी लागते, हे कुठून आलं?

पैशाचा मामला आहे, जपून द्यावा लागतो, मान्य. पोरं नोकरीसाठी पुण्याला जातात हेही खरं. पण ही गेली नव्हती हो. ही इथेच होती.

ऑडिटरकडे फाइल घेऊन दरवर्षी हीच जाते. त्या फाइलमध्ये काय असतं, ते उघडून कुणी दाखवलं तिला? विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, तो कसा भरतात, कुणी शेजारी बसवून शिकवलं? अण्णा शेजारी बसायचे. काम सोपवून निघून जात नव्हते आणि मधेच हातातून ओढूनही घेत नव्हते.

हे लिहिता लिहिता राग उतरलाय, कारण त्या कमिटीत मीही आहे. गेल्या वर्षी व्याख्यान सुरू असताना "जा गं, हार राहिलेत" म्हणून तिला बाजारात मीच पिटाळलं होतं. ज्या वक्त्यांना तिने स्वतः फोन करून बोलावलं होतं, त्यांचं भाषण तिला ऐकायला मिळालं नाही. हे मला आत्ता सुचतंय.

तिला दोनदा फोन केला, उचलला नाही. उद्या घरी जाणार आहे. बँकेत १४ वर्षं माझी सही आहे. ती काढून तिची घालावी आणि माझ्या जागी तिला विश्वस्त म्हणून घ्यावं, असा ठराव लिहून ठेवलाय. ती हो म्हणाली तर पुढच्या बैठकीत मांडते. बदल अर्ज भरताना शेजारी मी बसेन. कमिटीतल्या कुणाला अनुमोदन द्यायचं असेल त्यांनी आज रात्रीच मला फोन करा.