आडव्या बाटलीच्या गावातून लिहिणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात लिंचबर्गला जाऊन जॅक डॅनियल्स या व्हिस्कीची डिस्टिलरी, म्हणजे दारू गाळायचा कारखाना, बघितला, त्यावर मी लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया वाचून लगेच उत्तर द्यावंसं वाटलं नाही, म्हणून दोन दिवस थांबले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताईंच्या गावात दारूबंदीच्या मतदानाला बायकांनी उन्हात रांगा लावून आडव्या बाटलीवर, म्हणजे बंदीच्या बाजूनं, शिक्के मारले आणि दारूचं दुकान बंद पाडलं. शाहूंच्या नगरीतल्या बाईनं सासू, दीर, जाऊ अशा गोतावळ्यासह सुट्टीत दारूचा कारखाना बघावा आणि कौतुकानं लिहावं, हे त्यांना शोभणारं वाटत नाही. आणि जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवणाऱ्या गुलाम माणसाची मी लिहिलेली गोष्ट ही कंपनीची जाहिरात असून मी ती भाबडेपणानं पसरवली, असंही त्यांचं म्हणणं आहे.

आधी तुमचं बरोबर आहे ते. लेखाच्या डोक्यावर आम्हा चौघांचा हातात ग्लास घेतलेला फोटो होता. तो मी काढून टाकलाय. माझा सख्खा मामा दारूपायी सेहेचाळिसाव्या वर्षी गेला. शेवटच्या महिन्यात त्याचे पिवळे पडलेले डोळे मी रोज बघत होते. हे ठाऊक असताना तो फोटो मी लावायला नको होता.

दुसरी गोष्ट मी लिहायलाच हवी होती आणि लिहिली नाही. ही डिस्टिलरी ज्या मूर काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आहे, ती दारूबंदीची काउंटी म्हणून ओळखली जाते. टेनेसीनं 1909 साली दारू गाळण्यावर बंदीचा कायदा केला, त्यानंतर लिंचबर्गच्या भट्ट्या थेट 1938 साली पेटल्या. काउंटी मात्र कोरडीच राहिली. डिस्टिलरीला तिच्या आवारात चव द्यायची आणि बाटल्या विकायची सवलत आहे, ती कायद्यानं वेगळी दिलेली. म्हणजे गावानं स्वतःपुरती बाटली आडवी ठेवली आणि जगासाठी उभी केली. दारू मुरत ठेवलेल्या पिंपांतून उडून जाणाऱ्या वाफेवर पोसलेली काळी बुरशी झाडांवर, घरांच्या भिंतींवर चढते. त्यावरून शेजारच्या लिंकन काउंटीत 2023 साली प्रकरण कोर्टात गेलं. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे आणि लेखात यायला हवं होतं.

पण बघायलाच जायला नको होतं, हे मला पटत नाही.

आमच्या सासूबाई करवीर तालुक्यातल्या गुऱ्हाळवाल्यांच्या घरातल्या. आयुष्यात थेंब चाखलेला नाही. मोठमोठ्या टाक्यांत मका, राय आणि मोड आणलेलं बार्ली आंबत होतं, वर फेसाचे बुडबुडे फुटत होते. त्यांनी नाकाला पदर लावला, मग हळूच बाजूला केला आणि म्हणाल्या, "आगं, ह्यो तर गुऱ्हाळामागचा वास हाय. काकवी सांडून आंबल्यावर येतो बघ, तसा." पुढं मेपलच्या लाकडाच्या कोळशाचे दहा फूट खोल पिंप होते. गाळलेली दारू त्या कोळशातून थेंबथेंब झिरपत खाली येते. वाटाड्यानं झाकण उचललं आणि वाफारा अंगावर आला. सासूबाईंनी मला विचारलं, "म्हणजे आपली भेंडी?" मला क्षणभर कळलं नाही. मग लक्षात आलं. काहिलीत रस तापला की रानभेंडीचा चिकट रस घालतात, मळ वर येतो आणि तो झाऱ्यानं काढून टाकतात. नितळ करायच्या दोन माणसांच्या दोन युक्त्या, एक तिथली आणि एक आपली. हे कौतुक दारूचं नव्हतं, ताई. हाताच्या कामाचं होतं, आणि ते मी मागे घेत नाही.

आता जाहिरातीचं. निअरेस्ट ग्रीन हा गुलाम माणूस. त्याच्या मालकांनी त्याला डॅन कॉल नावाच्या धर्मोपदेशकाकडे कामाला लावलं होतं. कॉलची स्वतःची भट्टी होती. तिथं कामाला आलेल्या पोरसवदा जॅक डॅनियलला दारू गाळायला शिकवलं ते ग्रीननं. गुलामगिरी संपल्यावर जॅकनं स्वतःचा धंदा काढला आणि ग्रीन त्याचा पहिला मुख्य गाळणारा झाला. त्याची मुलंही तिथं राबली. साधारण 1904 चा एक फोटो आहे. पांढऱ्या हॅटमधला मिशीवाला जॅक बसलाय आणि त्याच्या अगदी शेजारी एक कृष्णवर्णीय माणूस. तो ग्रीनचा मुलगा जॉर्ज असावा, असं मानतात.

कंपनीनं हे जोरात सांगायला सुरुवात केली ती 2016 साली, म्हणजे तिच्या हिशेबानं दीडशेव्या वर्षी. त्यात तिचा फायदा नाही, असं मी म्हणणार नाही. पण गोष्ट कंपनीनं रचलेली नाही. 1967 साली छापलेल्या जॅकच्या चरित्रात ग्रीनचं नाव पुन्हा पुन्हा येतं. ग्रीनच्या नातवंडा-पतवंडांनी ही गोष्ट घरात जपली होती. पुढे फॉन वीव्हर या बाईंनी कागदपत्रं धुंडाळली, वंशजांना भेटल्या आणि 2017 साली त्याच्या नावानं व्हिस्कीच काढली. शंभरहून जास्त वर्षं बाटलीवर एकाचंच नाव होतं, शिकवणाऱ्याचं नव्हतं. तुम्ही शाहूंची आठवण दिलीत. 26 जुलै 1902 ला ज्यांनी मागासांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्यांच्या गावच्या माणसाला ही गोष्ट लागणारच. मला तिथं उभं राहून लागली.

आणि तेव्हाच गुऱ्हाळावर गूळ करणारा गुळव्या आठवला. पाक किती शिजला हे तोच ठरवतो. थंड पाण्यात थेंब टाकायचा, बोटांत गोळी वळायची आणि भांड्यावर मारून आवाज ऐकायचा. पाक 118 अंशांच्या आसपास आला की काहील उतरवायची. मिनिटभर उशीर झाला की गूळ करपला, आधी उतरवली की रवा, म्हणजे गुळाची ढेप, बसतच नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं. रव्यावर व्यापाऱ्याचा शिक्का असतो, पावतीवर शेतकऱ्याचं नाव असतं. गुळव्याचं नाव कुठंच नसतं. परतल्यावर सासूबाईंना विचारलं, तुमच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याचं नाव काय होतं? बराच वेळ आठवत बसल्या. "आमी गुळव्यामामाच म्हणत हुतो," म्हणाल्या.

"आपल्याकडे बघा" असं तुम्ही लिहिलंत, म्हणून हेही सांगते. आपल्या साखर कारखान्यांतून निघणाऱ्या मळीपासून स्पिरिट होतं. राज्यातली देशी दारू त्याच्यावर चालते, आणि भारतीय व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ बाटल्यांतही तेच असतं. युरोपात व्हिस्की हे नाव फक्त धान्याच्या दारूला मिळतं, मळीच्या नाही. तुमच्या घरचा ऊस कारखान्याला जात असेल तर उसाच्या बिलात या मळीचाही वाटा आहे, आमच्याही बिलात आहे. हा दोष मी तुम्हाला देत नाहीये. पण दारू कशी होते, कोण करतं, पैसा कुठं जातो, हे तुमच्यासारख्या लढणाऱ्या बाईला कारखानदाराइतकंच माहीत असावं, असं मला फार वाटतं.

तुमच्या गावच्या मतदानाबद्दल मला लिहायचंय. पहिली सही कुणी केली, घरातून विरोध किती झाला, दुकान बंद झाल्यावर दारू कुठून यायला लागली, सगळं. तुम्ही सांगणार असाल तर मी येते. आणि तुमच्याकडे अजून एखादं गुऱ्हाळ चालू असेल तर तेही कळवा. हंगाम लागला की सासूबाईंना घेऊन येईन, त्यांना गुळव्याचं नाव विचारायचंय.