पनाबास: ‘जल्लादाची तलवार’ म्हणण्याआधी ती हातात धरून पाहा

माझी भाची फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर दावाओ शहरात डॉक्टरकी शिकते. तिथे मराठी मुलं-मुली बरीच आहेत. गेल्या महिन्यात एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून तिने व्हिडिओ कॉल केला. तिच्या हातात एक लांब दांड्याचं, पुढे वाकलेलं पातं होतं. “मामा, हे पनाबास. बाबांसाठी घेऊ का? खरं आहे का सांगा,” ती म्हणाली. पाठोपाठ तिने एक पोस्टही पाठवली. ती आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही आधीच येऊन गेली होती. पोस्टचा मथितार्थ असा: पनाबास केवळ शिरच्छेदासाठी घडवलं जायचं, एका घावात माणसाचे दोन तुकडे होतात, हा आकार अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर आशियात आला, याच तलवारीच्या धाकाने अमेरिकेने पॉइंट ४५चं (सुमारे ०.४५ इंच जाड गोळीचं) पिस्तूल बनवलं, आणि अस्सल पनाबास ओळखायचं ते पात्यावरच्या पाण्यासारख्या नक्षीवरून.

यातलं जवळजवळ काहीही जसंच्या तसं खरं नाही.

सुरुवात नावापासून करू. फिलिपिन्सच्या भाषांत ‘ताबास’ म्हणजे कापणं, छाटणं, गवत-झुडपं साफ करणं. शिंपी कापड बेततो त्यालाही तागालोग भाषेत हाच शब्द आहे. त्याला साधन दाखवणारा उपसर्ग लागून ‘पनाबास’ झालं. म्हणजे छाटायचं हत्यार, बस्स. मिंदानाओच्या मागिंदानाओ आणि मारानाओ लोकांकडे ते लढाईतही होतं आणि रानातही. त्याने शिरच्छेद केल्याचंही सांगितलं जातं, ते मी नाकारत नाही. माझा आक्षेप ‘केवळ’ या शब्दाला आहे. आपल्याकडे कोयत्याने खून झाल्याच्या बातम्या येतात, म्हणून ऊसतोड कामगाराच्या हातातला कोयता खुनाचं हत्यार ठरत नाही.

कोयत्यामुळेच अलेक्झांडरचा मुद्दाही निकाली निघतो. ग्रीकांची कोपिस नावाची तलवार पुढे वाकलेली होती, हे खरं. पण नेपाळची कुकरी तशी, कोडगूची ओडिकत्ती तशी, कोकणात नारळ सोलायला आणि फांद्या तोडायला वापरतात ती कोयतीही तशीच. ज्याला रोज फांदी तोडायची आहे तो लोहार कधी ना कधी या आकारापर्यंत पोहोचतो. धार मुठीच्या पुढे झुकली की फांदी पात्यावरून निसटत नाही, कवेत सापडते. अलेक्झांडर इसवी सनपूर्व ३२६ मध्ये पंजाबातून मागे फिरला. तिथून मिंदानाओपर्यंत मधली एक कडी तरी दाखवायला हवी होती. पोस्टमध्ये ती नाही. मागिंदानाओच्या लोहाराला स्वतःच्या रानाकडे बघून आकार सुचू शकतो, एवढं श्रेय त्याला द्यायला काय हरकत आहे?

आता ‘दोन तुकडे’. वजन टोकाकडे असलं की घाव जड बसतो, इथवर बरोबर. पण तेच वजन उचलायला आणि फिरवायला हाताला जास्त कष्ट पडतात. घावाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात: वजन दुप्पट तर जोर दुप्पट, वेग दुप्पट तर जोर चौपट. टोक फार जड केलं तर वेगच मरतो, आणि घाव चुकला तर पातं परत आणायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात समोरचा आत शिरतो. म्हणूनच मोठ्या पनाबासला लांब दांडा असतो, दोन्ही हातांनी धरायला: पुढचा हात दिशा देतो, मागचा ओढतो. आपली तलवार मागे वाकलेली असते, ती ओढत चिरते, पनाबास तोडतं. भोसकायला ते जवळपास निरुपयोगी. प्रत्येक आकाराने काहीतरी मिळवलेलं असतं आणि त्याची किंमत मोजलेली असते. ती किंमत न सांगता फक्त ताकद सांगणं ही जाहिरात झाली.

पिस्तुलाचा मुद्दा मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण तो अर्धा खरा आहे. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैनिकांच्या पॉइंट ३८च्या रिव्हॉल्व्हरबद्दल तक्रारी आल्या होत्या. गोळ्या लागूनही माणूस थांबत नाही, अशा. जुनी पॉइंट ४५ची रिव्हॉल्व्हर पुन्हा वाटावी लागली. १९०४ मध्ये थॉम्पसन आणि ला गार्ड या दोन अधिकाऱ्यांनी प्रेतांवर आणि शिकागोच्या कत्तलखान्यातल्या गुरांवर चाचण्या घेतल्या आणि पॉइंट ४५हून लहान गोळी नको अशी शिफारस केली. बंदुका घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगचं पॉइंट ४५चं पिस्तूल सैन्याने मार्च १९११ मध्ये स्वीकारलं. पण स्वतः गोळी भरणाऱ्या पिस्तुलांच्या चाचण्या अमेरिकन सैन्यात १९००च्या सुमारासच सुरू होत्या. तो काळच त्या यंत्राचा होता. आणि ला गार्डने नोंदवलेलं गाजलेलं उदाहरण आहे अंतोनियो कास्पीचं: १९०५ मध्ये समार बेटावर पळू पाहणारा एक कैदी, जवळून चार गोळ्या खाऊनही न पडलेला. समार हे देशाच्या मधल्या विसाया भागातलं बेट, मोरोंच्या, म्हणजे दक्षिण फिलिपिन्समधल्या मुसलमान लोकांच्या, मुलखाबाहेरचं. ज्यांच्या कथा सांगितल्या जातात ते प्राणावर उदार होऊन धावून येणारे मोरो मुख्यतः सुलू बेटांतले. त्यांचं ओळखीचं शस्त्र म्हणजे बारोंग, पानाच्या आकाराचं आखूड पातं, आणि क्रिस नावाची तलवार. पनाबास हे मिंदानाओच्या मुख्य भूमीचं. म्हणजे पोस्टने शस्त्र, बेट आणि माणसं, तिन्हींची सरमिसळ केली आहे.

शिवाय ही गोष्ट नेहमी बंदूकवाल्याच्या भीतीची म्हणून सांगतात. १९०६ मध्ये सुलूमधल्या होलो बेटावरच्या बुद दाहो या ज्वालामुखीच्या विवरात आसरा घेतलेले शेकडो मोरो अमेरिकन सैन्याने मारले, त्यांत बायका-मुलंही होती. ‘तलवारीच्या धाकाने पिस्तूल’ म्हणताना ही माणसं कुठेच दिसत नाहीत.

राहिली नक्षी, म्हणजे भाचीचा खरा प्रश्न. जुन्या मोरो लोहारांनी लोखंड-पोलादाचे थर एकत्र ठोकून पाती घडवली, हे खरंच आहे. पण ते थर पॉलिश करून सौम्य आम्ल लावल्याशिवाय बहुधा दिसतही नाहीत. उलट साध्या पात्यावर आम्लाने नुसती वरवरची नक्षी काढता येते. म्हणून तिला सांगितलं, पात्याचा चपटा भाग सोड, पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, बघ. थर खरे असतील तर रेषा पाठीवरूनही जातील. तिने कॅमेरा जवळ नेला. चपट्या भागावर सुंदर लाटा, पाठीवर काहीच नाही.

मग पाठीची जाडी. घडवलेलं जुनं पातं सहसा मुठीजवळ जाड आणि टोकाकडे हळूहळू पातळ होत जातं. हे सुरुवातीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचं होतं, म्हणजे तयार पट्टी कापून घासलेली. वेताची वीण करकरीत, व्हार्निशचा वास येतोय म्हणाली. वर्षानुवर्षं हात फिरलेला वेत काळपट-गुळगुळीत होतो, आणि जिथे काम जास्त तिथली धार पाजळून पाजळून आत गेलेली असते. इथे धार आखल्यासारखी एकसारख्या वळणाची होती. शेवटी तिला पातं बोटावर तोलायला लावलं. टोक वाजवीपेक्षा जड, तोल इतका पुढे गेला की दुकानदाराने झटकन हात घातला.

तरीही ते ‘बनावट’ म्हणून टाकून द्यावं असं मला वाटत नाही. फिलिपिन्समध्ये आज बरीच पाती गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून बनतात, आणि ते पोलाद उत्तम असतं. आपल्याकडेही पाट्याचा कोयता म्हटलं की शेतकरी दोन पैसे जास्त मोजतो. नवं पातं नव्याच्या भावाने विकलं तर त्यात फसवणूक काहीच नाही. दुकानदार मात्र शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून भाव सांगत होता.

भाचीने ते घेतलं नाही. भारतात आणायचं तर आयातीचा परवाना लागला असता, हेही तिला सांगितलं. तिने दुकानदाराला विचारलं, हे घडवणारा लोहार कुठे राहतो. त्याने एका गावाचं नाव लिहून दिलं. सुट्टीत ती तिथे जाणार आहे, भट्टी बघायला.