व्हीएममध्ये १० जीबीपीएस दिसतंय म्हणून लाईन १० जीबीची नसते

परत तोच स्क्रीनशॉट फिरतोय, व्हीएमवेअरच्या व्हीएममध्ये (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) विंडोज नेटवर्कचा स्पीड १० जीबीपीएस (सेकंदाला १० गिगाबिट) दाखवतंय म्हणजे सर्व्हरला १० जीबीचं नेटवर्क कार्ड आहे म्हणे. नाही हो, तसं नसतं! तो आकडा व्हीएमएक्सनेट३ या व्हीएमवेअरच्या आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर नुसता सांगतो, खाली सर्व्हरला खरं १ जीबीचं कार्ड असलं तरी तेच दिसणार. उलटंही होतं, ई१००० हे दुसरं आभासी कार्ड लावलं की १ जीबी दिसतं पण एकाच होस्टवरच्या (म्हणजे एकाच खऱ्या सर्व्हरवरच्या), एकाच व्हर्च्युअल स्विचवरच्या दोन व्हीएममध्ये डेटा वायरवर जातच नाही, मेमरीतूनच फिरतो, त्यामुळे स्पीड त्याच्याही वर जाऊ शकतो. केव्हीएम या लिनक्सच्या व्हीएम सिस्टीममधल्या व्हर्टआयओ या आभासी कार्डावर तर इथटूल ही स्पीड दाखवणारी कमांड बऱ्याचदा सरळ अननोन (माहीत नाही) म्हणते, तो बिघाड नाही. खरा स्पीड हवाय ना, मग व्हीएम आणि दुसरं खरं मशीन, दोन्हीकडे आयपर्फ३ हे स्पीड मोजायचं टूल चालवून मोजा, आणि कृपया त्या स्क्रीनशॉटवरून कुणाला नवा स्विच घ्यायला लावू नका.