मावशी, वाईनची माती पिऊ नकोस

परवा मावशीचा फोन. “अगं, तुमच्या वायनरीत ती माती असते ना, एक पुडी पाठव.” तिला आलेला फॉरवर्ड असा: वाईनमध्ये चोरून माती घालतात, ती पोटात जाते, युरोपात तिच्यावर बंदी आहे. आणि शेवटी? हीच माती रोज चमचाभर पाण्यातून घ्या, अंगातलं सगळं विष ओढून घेते! एकाच मेसेजमध्ये माती विषही आणि औषधही.

आधी त्या चमच्याचं बोलते, कारण मावशी थायरॉइडची गोळी घेते. या मातीचं नाव बेंटोनाइट. तिच्या कणांना पदार्थ चिकटतात हे खरं, पण विष कुठलं आणि गोळी कुठली हे मातीला कळत नाही. जुलाबावर याच जातीच्या मातीचं औषध मिळतं. तेसुद्धा इतर औषधांपासून अंतर ठेवून घ्यायला सांगतात, ते याचसाठी. शिवाय खाणीतल्या मातीत शिसं असू शकतं. शिशाच्या अंशाच्या भीतीने फ्रान्सच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नका, गरोदर बायकांनीही टाळा. शुद्ध केलेल्या औषधाची ही गत, तर टाकीसाठी आणलेल्या पोत्यातली माती रोज चमचाभर कशी घ्यायची?

आता ‘चोरून’. व्हाइट वाईनमध्ये द्राक्षातली प्रथिनं असतात. बाटली उन्हाळ्यात तापली की त्यांच्या गुठळ्या होऊन वाईन गढूळ दिसते. वाईनच्या आंबटपणात या प्रथिनांवर धन भार असतो, बेंटोनाइटवर ऋण. दोन्ही चिकटतात, तळाला बसतात. वरची वाईन काढून गाळायची, गाळ मागे राहतो. लिटरला साधारण अर्धा ते एक ग्रॅम पुरते, तीही आधी छोट्या बाटल्यांत घालून, नमुना तापवून ठरवतो. पाण्यात तुरटी फिरवतो ना, तसंच. फक्त तिथे तुरटी मातीला खाली बसवते, इथे माती प्रथिनांना.

युरोपात बंदी? साफ खोटं. युरोपीय संघाच्या २०१९/९३४ या नियमावलीत बेंटोनाइट वाईनसाठी मान्य आहे.

एक मात्र कबूल: लेबलवर याचा उल्लेख नसतो, आणि माती जास्त पडली तर वाईनचा वासही उतरतो. गाळाबरोबर वाईनही जाते, म्हणून हौसेने कोणी ओतत नाही.

मावशी, पुडी येणार नाही. दुसरीकडून आणून घेत असशील तर आजच बंद कर, आणि डॉक्टरांना न लपवता सांग.