नीम ऑइल मारा म्हणे!

आज सकाळी चहाचा कप कठड्यावर ठेवून गणपतीसाठी जास्वंदीचं एक, फक्त एक फूल तोडायला गेले. फांदीला बोट लागायचा अवकाश, पांढऱ्या माशीचा अख्खा थवा भुर्रकन तोंडावर! डोळ्यांत, नाकात, केसांत. आणि उरलेल्या चहात. आल्याचा, दुधाचा, मनासारखा जमलेला चहा हो! वर त्यावर त्या इवल्याशा पंख पसरून निवांत तरंगतायत. मी चहा ओतून येईपर्यंत बाकीच्या पुन्हा त्याच पानाखाली जाऊन बसल्या होत्या. सातबारा त्यांच्याच नावावर आहे बहुतेक.

पान उलटून बघाल तर अंगावर काटा येतो. पांढऱ्या मेणाची गोल गोल नक्षी, तिच्यात अंडी, बाजूला पानाला चिकटलेली, ढिम्म न हलणारी पिल्लं. रस प्यायचा आणि वरून साखरेचा पाक हगायचा, एवढाच उद्योग. कठडा चिकट, खालची तुळस चिकट, तिच्यावर काळी बुरशी, आणि पाकाच्या मागावर आलेले मुंगळे थेट माझ्या स्वयंपाकघरात.

आणि ज्याला विचारावं तो एकच मंत्र म्हणतो: नीम ऑइल मारा. अहो, मारलं! ते निंबोळीचं तेल पाण्यात मिसळत नाही, आधी साबणाच्या पाण्यात घुसळावं लागतं, हे एकाने सांगितलं असेल तर शपथ. उन्हात मारलं की पानं करपतात. वरून मारून शून्य उपयोग, कारण बयांचा मुक्काम पानाच्या पाठीला. म्हणजे मी या वयात गॅलरीत उताणी पडून वर फवारे मारायचे आणि निम्मं तेल स्वतःच्याच तोंडात घ्यायचं. कडू जहर! अंड्याची माशी व्हायला तीन-चार आठवडे, तोवर दर आठवड्याला हाच शवासनाचा कार्यक्रम. घरात दोन दिवस वास. 'काही मेलंय का गं?' असं सासूबाईंनी विचारलं. नाही ना मेलं आई, तेच तर दुःख आहे.

पिवळे चिकट कार्ड लावले. त्यावर काय सापडलं? थोड्या माश्या, माझी ओढणी, आणि एक ढालकिडा, या माश्यांची पिल्लं खाणारा. त्या अख्ख्या गॅलरीत माझ्या बाजूने लढणारा तो एकटाच होता!

नर्सरीवाला म्हणतो, 'मॅडम, जास्वंद काढा, अडेनियम लावा, त्याला काही होत नाही.' याच माणसाने मिरचीचं रोपही 'काही होत नाही' म्हणूनच गळ्यात मारलं होतं. चुरडा-मुरडा झाला. पानं द्रोणासारखी वळली, झाड खुरटलं, आणि हा रोग विषाणूचा, त्याला औषध नाही, रोप उपटायचं फक्त. तो पसरवतं कोण? हिचीच मावसबहीण, कपाशीवरची पांढरी माशी. ताक फवारा, हळद टाका, कांद्याच्या सालींचं पाणी घाला... माझ्या कुंडीत आता फक्त फोडणी घालायची राहिलीय.

शेवटी न राहवून यवतमाळच्या मामांना फोन लावला. मी पाच मिनिटं तावातावाने बोलले. ते शांतपणे म्हणाले, 'अगं, आमच्या कपाशीवर एकरांनी बसते ती. तुझ्या किती कुंड्या?' सांगितलं नाही. हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. कोपऱ्यावर दहा रुपयांत जास्वंदीचा वाटा मिळतो आणि मी फवाऱ्याच्या पंपावर किती घातले, हा हिशोब नवऱ्याने करू नये म्हणून पावती फाडून टाकलीय.

पण हटणार नाही. गुरुवारी संध्याकाळी परत फवारायचंय. खालच्या वहिनी, ज्यांना माझ्या कुंडीचा एक थेंब चालत नाही पण स्वतः भरदुपारी सतरंज्या झटकतात, त्यांनी नेमक्या गुरुवारीच चादरी धुवायला काढल्यात. वाळू देत की. निंबोळी कपड्यांना चांगलीच असते म्हणे.