फेर यांचं मूळ काम १९८८ च्या आधीचं
फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ आल्बेर फेर यांच्यावरच्या तुमच्या लेखात त्यांची गोष्ट थेट १९८८ च्या जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सपासून (चुंबकीय क्षेत्र लावल्यावर विजेला होणारा अडथळा, म्हणजे रेझिस्टन्स, खूप घटणं) सुरू होते, पण खरी मेहनत त्याआधीची आहे हो. १९७० च्या पीएचडीतच त्यांनी दाखवलं होतं की लोखंड, निकेलमधे इलेक्ट्रॉनला किती अडथळा होणार ते त्याच्या स्पिनवर (इलेक्ट्रॉनच्या अंगभूत चुंबकीय दिशेवर) ठरतं, पण तेव्हा एवढे पातळ थर बनवायची सोयच नव्हती, ती पुढे आली आणि मग थॉमसन-सीएसएफ कंपनीच्या लोकांबरोबर लोखंड-क्रोमियमचे एकाआड एक थर रचले, क्रोमियम तर जेमतेम ०.९ नॅनोमीटर, आणि अतिथंड तापमानात चुंबकीय क्षेत्र लावल्यावर रेझिस्टन्स जवळजवळ निम्म्यावर!! हार्डडिस्कची कपॅसिटी नंतर धडाधड वाढली त्यात या शोधाचा मोठा वाटा आहे. २००७ च्या नोबेलनंतरही माणूस थांबला नाही, स्कर्मिऑनवर (चुंबकीय पदार्थातल्या भोवऱ्यासारख्या अतिसूक्ष्म रचनांवर) काम करत राहिला, त्यावरही सविस्तर लिहा ना प्लीज.