गाजर हलवा: ‘साध्या पदार्थाचं सोवळं करता’ या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया शुक्रवारी रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण आधी हलवा करून बघायचा होता. काल रविवारी ३ किलो गाजरं आणून तीन वेळा केला, आता लिहिते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ताई बेंगळुरूला असतात. पाहुणे यायचे म्हणून त्यांनी माझ्या कृतीने १ किलो गाजरांचा हलवा केला. पावणेदोन तास गॅससमोर उभं राहूनही कीस कचकचीत राहिला, दूध फाटलं आणि रंग फिका आला. त्यांच्या जाऊबाई हाच हलवा कुकरमध्ये खवा घालून २० मिनिटांत करतात आणि ‘खाणाऱ्याला फरक कळत नाही’. शेवटचं वाक्य असं: ‘तुमच्यासारखे लोक साध्या पदार्थाचं सोवळं करून ठेवतात, म्हणून नव्या मुली स्वयंपाकघरात पाऊल टाकायला घाबरतात.’

हे वाक्य मला लागलं. मग माझा लेख पुन्हा काढून वाचला. त्यात ‘खवा घालणं ही पळवाट आहे’ असं मीच लिहिलेलं सापडलं. हे लिहायला नको होतं. रात्री आठला घरी येऊन मुलांना काहीतरी गोड करून घालणाऱ्या बाईला पळवाट काढतेस म्हणणारी मी कोण? ते वाक्य काढून टाकलं आहे आणि त्याबद्दल तुमची माफी मागते.

दुसरी चूक त्याहून मोठी. कोणती गाजरं घ्यायची हे मी लिहिलंच नव्हतं. आमच्याकडे पुण्यात डिसेंबर ते फेब्रुवारी मंडईत लालभडक, लांब गाजरांचे ढीग लागतात. ती राजस्थानातून येवोत नाहीतर मध्य प्रदेशातून, विकणारा त्यांना ‘दिल्ली गाजर’च म्हणतो. भोगीच्या भाजीला तीच, हलव्यालाही तीच, त्यामुळे ‘गाजर’ लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही आलंच नाही. तुम्हाला मिळाली ती केशरी, आखूड, उटीची गाजरं. ती वर्षभर मिळतात आणि कोशिंबिरीला छान लागतात, पण हलव्यात त्यांची चाल वेगळी असते. लाल गाजराला पाणी जास्त, गोडी जास्त आणि मधला दांडा कोवळा. त्याचा लाल रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोत आणि कलिंगडात असतो तोच. केशरी गाजराचा रंग कॅरोटीनचा. तेव्हा तुमचा रंग फिका आला तो तुमच्या हातून काही चुकलं म्हणून नव्हे. केशरी गाजराचा हलवा केशरीच होणार, त्यात खायचा रंग मात्र घालू नका.

आता कीस कचकचीत का राहिला त्याकडे येते. ‘साखर दुधाबरोबरच घातली, नाहीतरी शेवटी एकत्रच होतं ना’ हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, आणि मला वाटतं सगळं तिथेच बिघडलं. मोरावळ्यातला आवळा आठवा. एकदा पाकात पडला की तो मुरतो, पण आणखी मऊ होत नाही. म्हणून तर आवळे आधी वाफवून घेतात. गाजराचंही तेच. साखर गाजरातलं पाणी ओढून घेते आणि कीस घट्ट धरून ठेवते. मग तास झाला काय नि दोन तास झाले काय, तो दाताखाली वाजणारच.

काल केशरी गाजरांचा हलवा मी मुद्दाम तुमच्यासारखा केला, साखर आधी घालून. दीड तासानेही कीस बोटांत दाबला जाईना. हलवा गरम असताना चिमूटभर कीस अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून दाबून बघायचा. त्याचा लगदा झाला तरच साखर घालायची, तोवर डबा उघडायचासुद्धा नाही. हे मी मूळ लेखात ‘साखर शेवटी घालावी’ एवढ्या तीन शब्दांत उरकलं होतं. कारण सांगितलं असतं तर तुमचा दिवस वाया गेला नसता.

दूध फाटण्याचं कारणही बहुधा सोपं आहे. कच्च्या किसावर थंड दूध ओतून मोठ्या आचेवर उकळलं की गाजराच्या रसाने ते कधी कधी फाटतं. कीस आधी तुपात चांगला १० मिनिटं परतून घ्या आणि मग उकळलेलं गरम दूधच थोडं थोडं घाला. या परतण्यात आणखी एक गोष्ट होते. गाजराचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तुपात उतरतो. कढईच्या कडेला साठलेलं तूप बघत राहा. सुरुवातीला पिवळसर असतं आणि दहाव्या मिनिटाला शेंदरी होतं. ते शेंदरी तूपच पुढे सगळ्या दुधाला रंग देतं.

आणि आता कुकर. कुकरचा हलवा वाईट झाला नाही, हे आधी सांगते. अर्धी वाटी दुधात कीस घालून दोन शिट्ट्या, मग २०० ग्रॅम खवा. पण २० मिनिटांत नाही झाला, ५० मिनिटं लागली, कारण शिट्ट्यांनंतर पाणी आटवावंच लागलं. हा हिशेबच करून बघा. १ किलो गाजरं सोलून, देठं काढून साधारण ८५० ग्रॅम उरतात. त्यात निम्म्याहून किती तरी जास्त, सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास, पाणीच असतं. वर १ लिटर म्हशीचं दूध, तेही बहुतेक पाणीच. हलवा तयार झाला की माझ्या काट्यावर ८०० ग्रॅम भरतो. म्हणजे सव्वा लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन गेलेलं असतं. झाकण लावलेल्या कुकरातून ते कुठून जाणार? कुकर गाजर शिजवून देतो, आटवून देत नाही.

‘फरक कळत नाही’ हे मात्र मी मानणार नाही. गरम असताना दोन्ही वाट्या शेजारी ठेवल्या तर एक वेळ गोंधळ होईल. पण आज सकाळी डबे उघडले तेव्हा कुकरच्या हलव्याच्या तळाला पाणी सुटलं होतं आणि खवा वेगळा, गाजर वेगळं लागत होतं. कढईतल्या हलव्यात दूध किसाच्या आत गेलेलं असतं. तासाभराने कढईतली खदखद थांबते आणि चरचर ऐकू यायला लागते. कडेला साय चिकटून खरपूस होते, ती कालथ्याने खरवडून पुन्हा आत ढकलायची. मी त्या कडेच्या सायीसाठीच हलवा करते म्हटलं तरी चालेल. ती कुकरात होत नाही आणि विकतच्या खव्यातही नसते.

तुमच्या गाजरांसाठी आणि तुमच्या वेळेसाठी कृती बदलून लिहिली आहे, मूळ लेखातही घातली आहे. १ किलो केशरी गाजरं किसणीच्या मोठ्या भोकांनी, लांब लांब किसा. मधला दांडा निबर असेल तर टाकून द्या. ४ चमचे तुपात १० मिनिटं परता, मग अर्धी वाटी गरम दूध घालून झाकण ठेवा आणि मंद आचेवर १०-१२ मिनिटं वाफ काढा. इथपर्यंतचं काम आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं, मी ऑफिसच्या दिवसांत तसंच करते. दुसऱ्या दिवशी अर्धा लिटर सायीचं दूध घालून आटवा. निम्मं आटलं की १०० ग्रॅम खवा मोकळा करून घाला. कीस बोटाने दाबून बघा आणि मगच १७५ ग्रॅम साखर. साखर घातली की पुन्हा पातळ होईल, घाबरू नका, १० मिनिटांत आटतं. उतरवताना वेलदोड्याची पूड आणि किंचित जायफळ. दुसऱ्या दिवशीचं काम पाऊण तासाचं आहे, आणि सगळा वेळ ढवळत उभं राहावं लागत नाही. शेवटची १५ मिनिटं तेवढी जागा सोडू नका, खाली लागतं.

आणि ताई, एक विनंती. तुमच्या जाऊबाई साखर कधी घालतात, कुकर लावण्याआधी की नंतर, एवढं विचारून कळवाल का? त्यांचा कीस मऊ होतो आणि तुमचा झाला नाही, तर मला वाटतं त्या नंतरच घालत असणार.